तारखांची वही

वहीतली पहिली नोंद 5 डिसेंबर 2017 ची आहे. ‘मंगळवार. पहाटे 4.30, ठाणे स्टेशन, दोन नंबरच्या जिन्याखाली जमायचं. रद्द. कारण : ओखी वादळ.’

गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. बुटांना तीनदा पॉलिश झालं होतं. रात्री साडेनऊला सीनियरचा फोन आला, उद्याचं फ्लाइंग कॅन्सल. बाहेर पाऊस पडत होता, डिसेंबरातला पाऊस. दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्यातल्या शाळांना सुट्टी होती. वादळात विमान उडत नाही हे मलाही कळत होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात होईल, असं धरून चालले. ते ‘पुढच्या आठवड्यात’ 17 जानेवारी 2020 ला आलं.

मी कळव्याची. ठाण्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या पदवीला असताना तीन वर्षं एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. त्या तीन वर्षांत मला उड्डाणाच्या दहा तारखा मिळाल्या. नऊ रद्द झाल्या, दहावीला मी 22 मिनिटं हवेत होते. आता त्याच शहरात अकरावी-बारावीला शिकवते. माझी एक विद्यार्थिनी यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली आणि एअर विंगमध्ये निवडली गेली. ती परवा घरी आली होती. तिने विचारलं, “ताई, खरं सांगा, फ्लाइंग मिळतं का?” तिला वही काढून दाखवली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि सरळ उत्तर फारसं कुणी देत नाही.

18 जून 2016 ला दुंडीगलच्या अकादमीतून अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ वैमानिक होण्यासाठी वायुदलात दाखल झाल्या. तेव्हा माझी बारावी नुकतीच सुरू झाली होती. पेपरमधला तो फोटो मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वर्षभराने कॉलेजात एनसीसीची निवड लागली. धावणं, लेखी, मुलाखत. साठेक मुली होत्या, जागा मोजक्या. माझा नंबर लागला.

एअर विंगमध्ये आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्या दिवशी एकच चित्र असतं. मग परेड सुरू होते. फॉलिन, सावधान, विश्राम, दाहिने मूड. आठवड्याच्या परेडला थिअरीचे तास असतात : उड्डाणाची तत्त्वं, एअरमनशिप, हवामान, नेव्हिगेशन, इंजिन, विमानं ओळखणं. मला ते तास मनापासून आवडायचे. पंखावरून जाणारी हवा, लिफ्ट, ड्रॅग, थ्रस्ट, वजन हे सगळं पुस्तकात भेटलेलं होतं, पण इथे ते कुणाच्या तरी जिवाशी बांधलेलं होतं. एरोमॉडेलिंगला बाल्सा लाकडाची पातळ फळी हातात आली तेव्हा ती बिस्किटाइतकी हलकी लागली. सँडपेपरने घासून तिच्या कडेला पंखाचा आकार द्यायचा, नाकाला प्लॅस्टिसिनचा गोळा लावून तोल साधायचा आणि मैदानावर फेकायचा. चक ग्लायडर म्हणतात त्याला. पहिल्या वर्षी जे काही ‘उडवलं’ ते एवढंच.

घरच्यांच्या संमतीचा कागद हा पहिला खरा अडथळा होता. त्यावर लिहिलेलं असतं की पाल्य स्वेच्छेने उड्डाण करत आहे, धोक्याची कल्पना आहे, वगैरे. आईने तो मोठ्याने वाचायला घेतला. ‘अपघात’ हा शब्द आला तिथे थांबली. पेन टेबलावर ठेवलं आणि भाजी निवडायला गेली. पप्पा कळवा कारशेडमध्ये फिटर, तेव्हा रात्रपाळीला होते. ते म्हणाले, तुझी आई करेल तीच सही, मी मध्ये पडणार नाही. कागद दोन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

तिसऱ्या दिवशी मामा आला. आईचं माहेर हडपसरचं. मामाने कागद वाचला आणि आईला म्हणाला, “ताई, आपल्या गच्चीवरून ती बिनआवाजाची विमानं दिसायची, आठवतात?”

“हो, घारीसारखी फिरायची ती.”

“त्यातल्या एकात मी असायचो.”

आई त्याच्याकडे बघतच राहिली. हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मामा कॉलेजात असताना सायकल मारत तिथे जायचा. फी विद्यार्थ्याला झेपेल इतकी होती. घरी, म्हणजे अण्णांना, त्याने वर्षभर सांगितलंच नव्हतं. मग त्या संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत त्याने सगळं उलगडून सांगितलं. रोहिणी नावाचं ग्लायडर, आपल्याच देशात आखलेलं, लाकडी सांगाड्याचं, दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच, त्याच्या ड्रमवर गुंडाळलेली लांबच लांब पोलादी केबल. केबलचं टोक ग्लायडरच्या पोटाखाली अडकवायचं. झेंडा हलला की केबल ताणली जाते, ग्लायडर दोन-चार सेकंदांत जमीन सोडतं आणि नाक वर करून पतंगासारखं चढत जातं. माथ्यावर पोचलं की मूठ ओढून केबल सोडायची.

“आणि मग?” आईने विचारलं.

“मग काहीच आवाज नाही. फक्त वारा. खाली कुत्रं भुंकलं तरी ऐकू यायचं.”

ऊन तापलेलं नसेल तर पाच-सहा मिनिटांत परत खाली. पण जमिनीवरून गरम हवेचा झोत उठत असेल आणि तो सापडला, तर त्यातच गोल गोल फिरत राहायचं. घारी जिथे पंख न हलवता घिरट्या घालतात तिथे तो झोत असतो, म्हणून वैमानिक घारींवर डोळा ठेवतात. आणि एक गोष्ट मामाने दोनदा सांगितली. समोरच्या काचेवर लोकरीचा छोटा धागा चिकटवलेला असतो. विमान सरळ, नीट चाललं असेल तर धागा सरळ. वळताना नुसता हात वापरला आणि पाय विसरला तर विमान हवेत आडवं घसरतं आणि धागा तिरका होतो. “धागा सरळ ठेवायचा. बाकी सगळं त्यातून येतं.” तीसेक उड्डाणांनंतर प्रशिक्षकाने त्याला एकट्याला सोडलं होतं.

आईने सही केली. नंतर तीन वर्षांत अशा आणखी कितीतरी कागदांवर केली, कारण दर हंगामाला नवा कागद लागायचा.

ओखीनंतरची नोंद जानेवारी 2018 ची, ‘विमान अनसर्व्हिसेबल’. फेब्रुवारीत धुकं. त्या दिवशी आम्ही घाट चढून विमानतळापर्यंत गेलो होतो. (जागेचं नाव लिहीत नाही, संरक्षणाचं ठिकाण आहे.) सहापासून शेडखाली बसून होतो. दहाला धुकं उठलं, साडेदहाला वारा सुटला, अकराला निरोप आला की आज नाही. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही.

‘अनसर्व्हिसेबल’ या शब्दावर मी घरी चिडले होते. एकच विमान, तेही बंद, असली कसली तयारी? पप्पा जेवत होते. ते म्हणाले, “आमच्याकडे लोकलचा रेक तपासणीला येतो. एका डब्याच्या ब्रेकचं माप थोडंसं चुकलं तरी आम्ही अख्खी गाडी सोडत नाही. बाहेर फलाटावर लोक आम्हाला शिव्या घालत असतात, गाडी का रद्द केली म्हणून. त्यांना तो ब्रेक दिसत नाही. तुझ्या विमानाखाली तर रूळपण नाहीत.” त्यानंतर त्या कारणाबद्दल मी कधी तक्रार केली नाही. आजही करणार नाही.

उड्डाणं कमी का मिळतात याचा हिशेब मी दुसऱ्या वर्षी बसून मांडला, आणि तो प्रत्येक कॅडेटने एकदा मांडावा असं मला वाटतं. एनसीसीचं मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं विमान, दोन आसनांचं. एक आसन प्रशिक्षकाचं, वायुदलातून एनसीसीत नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्याचं. उरलं एक. एक सॉर्टी, म्हणजे एकदा वर जाऊन खाली येणं, वीस-पंचवीस मिनिटांची, त्यात बसणं-उतरणं, तपासणी, इंधन धरलं तर पाऊण तास. इतकं हलकं विमान सकाळच्या शांत हवेतच सुखाने उडतं. ऊन चढलं की जमिनीवरून झोत उठू लागतात, वारा आडवा होतो, आणि आडव्या वाऱ्याची मायक्रोलाइटची मर्यादा लहान असते. ज्या झोतांवर मामाचं ग्लायडर तरंगायचं, त्यांनीच आमचं फ्लाइंग बंद पडायचं. विमानतळ सामायिक असेल तर आधी वायुदलाची विमानं, मग प्रवासी विमानं, मग आपण. म्हणजे सगळं जुळून आलेल्या सकाळी सहा-सात जण उडतात. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरात परीक्षा, मार्चमध्ये परीक्षा. आता राहिलेल्या सकाळी मोजा आणि कॅडेट मोजा.

त्यातच ती वर्षं बदलाची होती. एनसीसीची जुनी झेनएअर सीएच 701 विमानं थकत चालली होती आणि नवी पिपिस्ट्रेल व्हायरस एसडब्ल्यू 80 येऊ लागली होती. 2015 साली संरक्षण मंत्रालयाने एकूण 194 विमानांचा करार केला होता, त्यातली 110 एनसीसीसाठी. आकडा ऐकून मुलांना वाटतं विमानंच विमानं. पण ती देशभरातल्या स्क्वाड्रनमध्ये वाटली जाणार, त्यांना हँगर हवं, देखभाल करणारे हात हवेत, शिकवणारे अधिकारी हवेत.

आणि धावपट्टी हवी. ठाण्याला ती नाही. येऊरच्या डोंगरावर वायुदलाचं ठाणं आहे, पण तिथे विमान उतरत नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली होती. आमचा एक मित्र म्हणायचा, ती पुन्हा सुरू केली तर आपल्याला घाट चढावा लागणार नाही. जून 2017 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी त्या जमिनीसाठी केवढं आंदोलन केलं ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. तीन-तीन पिढ्या ज्यांचा जीव त्या जमिनीत अडकलाय त्यांच्या शेतावरून मला उडायचं नव्हतं, आणि हे मी त्याला तेव्हाच सांगितलं.

गंमत नाही, पण विमानं आम्हाला रोज दिसायची. आमच्या चाळीच्या गच्चीवरून संध्याकाळी दक्षिणेकडे पाहिलं की ऐरोलीच्या पलीकडे आकाशात एकामागोमाग दिवे दिसतात. कोपरखैरणे, खाडी, घाटकोपर अशी सरळ रेघ धरून मुंबईच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात त्यांच्याबरोबर उतरायचे : वेग, उंची, फ्लॅप. दुसऱ्या वर्षी तर ती माझी रोजची उजळणी झाली होती. आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमानं सुरू झालीत, दोन्हीकडे दिवे असतात. आकाश जितकं भरत जाईल तितकी लहान विमानांना वेळ मिळणं अवघड होत जाणार, हेही मी त्या मुलीला सांगितलं.

आता ज्याबद्दल मला आजही राग आहे ते.

डिसेंबर 2018. यादी लागली, माझं नाव नव्हतं. ज्यांची होती त्यातल्या दोघा मुलांची ती चौथी सॉर्टी होती. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. नंतर कळलं की वायुसैनिक कॅम्प या एअर विंगच्या शिबिरात उड्डाणाची स्पर्धा असते, तिच्यासाठी संघ तयार करायचा म्हणून काही ठरावीक कॅडेटना सराव देतात. कारण म्हणून ते मला पटतं. संघाला सराव हवाच. पण मग निवड कधी झाली? कशावर झाली? बाकीच्यांना त्यात उतरायची संधी होती का? आम्हाला सांगितलंच गेलं नव्हतं. मी एका स्टाफना विचारलं, तर उत्तर आलं, “अपने नंबर का वेट करो.” नंबर कितवा, हे मात्र कुणी सांगू शकलं नाही.

वाट बघायला मी तयार होते. रेल्वेवाल्याची मुलगी आहे, वेटिंग लिस्ट मला कळते. वेटिंगच्या तिकिटावर निदान आकडा छापलेला असतो. इथे मी रोज फोन उशाशी घेऊन झोपत होते, गावाला लग्नाला गेले नाही, कॉलेजची सहल सोडली, का, तर उद्या कदाचित निरोप येईल. विमानं कमी आहेत हे सोसता येतं. आपण रांगेत आहोत की नाही हेच ठाऊक नसणं मात्र माणसाला आतून कुरतडतं. एका कागदावर सगळ्यांची नावं, कुणाच्या किती सॉर्टी झाल्या, पुढचा क्रम काय, स्पर्धेचा संघ वेगळा का, एवढं लिहून फळ्यावर लावायला पैसे लागत नाहीत. हे मी त्याच वर्षी लेखी दिलं. पुढे काय झालं ते मला कळवलं गेलं नाही. पण तिसऱ्या वर्षी फळ्यावर असा कागद लागला, हे मी स्वतः पाहिलं.

28 फेब्रुवारी 2019 ची नोंद वेगळीच आहे. आदल्या दिवशी कॉलेजात मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम होता, मी सूत्रसंचालन करत होते. सकाळपासून सगळे फोनमध्ये डोकं खुपसून होते. बालाकोट झालेलं होतं. त्या दिवशी आपलं मिग पडल्याची आणि वैमानिक पलीकडे पकडला गेल्याची बातमी आली. सभागृहात एक मुलगी कविता म्हणत होती आणि मागच्या रांगेत आम्ही एअर विंगच्या चौघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो. उत्तरेतले विमानतळ बंद झाले होते. दुसऱ्या दिवशीचं आमचं फ्लाइंग रद्द झालं हे कुणी कळवायचीही गरज नव्हती. त्या नोंदीपुढे मी कारण लिहिलेलं नाही.

तिसरं वर्ष. ऑक्टोबर 2019 मध्ये पाऊस जायलाच तयार नव्हता. मग क्यार, मग महा, अरबी समुद्रात एकामागून एक चक्रीवादळं. गावाकडे कापलेलं भात शेतातच उगवत होतं, त्यापुढे माझी तारीख ती काय. डिसेंबरात परत एकदा धावपट्टीच्या कडेला दिवसभर बसून आलो. वारा दाखवणारी कापडी नळी, विंडसॉक, आडवा ताठ उभा होता. मैत्रिणी म्हणायच्या, कामशेतला पॅराग्लायडिंग करून ये, हौस फिटेल. त्यांचा हेतू चांगला होता. मला हौस फेडायची नव्हती.

17 जानेवारी 2020, शुक्रवार. थंडी होती, दवाने गवत ओलं होतं, विंडसॉक मेलेल्यासारखा लोंबत होता. मला तो दिवस पूर्ण आठवतो.

माझा क्रम चौथा. डॉक्टरांनी सकाळीच बीपी पाहिलं होतं. प्रशिक्षक सरांनी ब्रीफिंग घेतलं : कुठे हात लावायचा, कुठे नाही, दार कसं उघडायचं, इंजिन बंद पडलं तर आपण कुठल्या शेताकडे जाणार. व्हायरस समोरून पाहिलं की आधी पंखच दिसतात, डोक्यावरून लांबवर गेलेले, ग्लायडरची आठवण करून देणारे. पुढे छोटं रोटॅक्स इंजिन, 80 अश्वशक्तीचं. आत शेजारी शेजारी बसायचं. म्हणजे मामाच्या रोहिणीसारखं, असं मनात आलं आणि धीर आला.

“नाश्ता किया?” सरांनी विचारलं.

“जी सर. केला.” हिंदीत सुरुवात करून मराठीत शेवट झाला. ते हसले नाहीत, फक्त म्हणाले, “अच्छा है. खाली पेट नहीं बैठना.”

धावपट्टीवर विमान धावलं आणि मला वाटलं त्याच्या कितीतरी आधी जमीन सुटली. हादरे एकदम थांबले, तिथून कळलं. शेतं, विहीर, पत्र्याची शेड, रस्त्यावर उसाची एक बैलगाडी. बैलांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. सर्किटमधून, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतून, बाहेर पडून आम्ही ठरलेल्या भागात गेलो, उंची दोन हजार फुटांच्या आसपास. सर म्हणाले, “यू हॅव कंट्रोल.”

हे वाक्य मी तीन वर्षं गच्चीवर म्हणत होते. उत्तर द्यायला एक क्षण लागला. “आय हॅव कंट्रोल, सर.”

दांडा किती हलका असतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी धरला तोच घट्ट, लोकलच्या दांड्यासारखा. नाक वर गेलं. मी मीटरकडे पाहिलं, खाली ढकललं. नाक खाली गेलं. परत मीटरकडे, परत ओढलं. झोपाळ्यावर बसल्यासारखे आम्ही वरखाली होत होतो. सर म्हणाले, “मीटर मत देखो. बाहर देखो. हॉरिझन.” मी मान वर केली. समोर धुरकट डोंगरांची रेघ होती. विमानाचं नाक त्या रेघेच्या किती खाली आहे तेवढं बघायचं आणि तिथे ठेवायचं. दोन बोटांनी. विमान शांत झालं. मी सगळं वाचून आले होते, म्हणून आकड्यांकडेच बघत होते. जे बघायचं ते बाहेर होतं, हे कळायला मला ते एक मिनिट हवेत मिळावं लागलं.

मग डावीकडे वळण. मी दांडा डावीकडे नेला आणि अंग आसनात डावीकडेच सरकलं, अगदी थोडं, कळवा पुलाच्या वळणावर रिक्षात सरकतं त्याच्या उलट बाजूला. काचेवर धागा नव्हता, पण मला तो दिसला. पाय! डावा पाय हळूच दाबला आणि अंग परत मध्ये आलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. “किसने सिखाया?”

“मामाने, सर. जमिनीवर.”

आणखी दोन वळणं केली. उजवीकडचं पहिल्यापेक्षा बरं झालं. मग कंट्रोल परत त्यांच्याकडे, उतरण्याआधीचे शेवटचे दोन टप्पे, बेस आणि फायनल, आणि ती धावपट्टी समोरून मोठी होत येताना मी मनात काहीच म्हटलं नाही, फक्त पाहिलं. 22 मिनिटं. सॉर्टीच्या नोंदीवर माझ्यादेखत लिहिली गेली.

त्या 22 मिनिटांनी काय दिलं हे नीट सांगायला हवं, कारण ‘स्वप्न पूर्ण झालं’ असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला कळलं की उंचीवर मला भीती वाटत नाही, मळमळत नाही, आणि चूक सांगितली की माझे हात ऐकतात. ही माहिती स्वतःबद्दलची आहे आणि ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही. ज्या मुलाला हवेत गेल्यावर कळतं की हे आपल्यासाठी नाही, त्यालाही ती मिनिटं तितकीच मोलाची. आमच्या तुकडीतल्या एकाला तसं कळलं. तो आता इंजिनांकडे वळलाय आणि सुखात आहे. म्हणून मला वाटतं, पाच जणांना पाच-पाच सॉर्टी देण्याआधी सगळ्यांना एकेक मिळावी. 1 एप्रिल 1950 ला एअर विंग सुरू झाली ती मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांतल्या स्क्वाड्रननी. जिथे हे देशात पहिल्यांदा रुजलं तिथल्या मुलांनी तीन वर्षं निळा गणवेश घालून एकदाही जमीन न सोडता बाहेर पडू नये.

माझ्या तुकडीतल्या तिघी तशाच बाहेर पडल्या. फेब्रुवारीत ‘सी’ सर्टिफिकेटची परीक्षा झाली, मार्चमध्ये लॉकडाउन लागला. त्यांची तारीख नंतर आलीच नाही. त्यातली एक माझ्याहून हुशार होती, अगदी हवामानापासून नेव्हिगेशनपर्यंत. तिच्याशी बोलताना मी अजून त्या 22 मिनिटांचा विषय काढत नाही.

पुढे वायुदलात अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्रीतून मी मैसूरच्या निवड मंडळापुढे गेले. पाचव्या दिवशी शिफारस झाली नाही आणि परत आले. उड्डाण कमी मिळालं म्हणून निवड झाली नाही, असं मी कधीही म्हणणार नाही, कारण तिथे माणूस पाहतात, तास मोजत नाहीत. पण आमच्या गटात एका फ्लाइंग क्लबात चाळीस तास उडवून आलेला मुलगा होता. विमानाबद्दल बोलताना तो आठवणीतून बोलत होता आणि मी वहीतून. त्याचे चाळीस तास त्याच्या वडिलांनी विकत घेतले होते, त्यात त्याचा काही दोष नाही. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात. कारशेडमधल्या फिटरच्या घरात त्याचा विचारही होत नाही. आमच्यासारख्यांना हवेत जायची एकच वाट आहे, ती एनसीसीच्या शेडखालून जाते. म्हणून तिच्याबद्दल मी इतकं पोटतिडकीने बोलते.

त्या मुलीला मी काही गोष्टी करायला सांगितल्या. पहिल्याच परेडपासून स्वतःची वही ठेव, तारीख, कारण, कोण उडालं. संमतीचा कागद आणि मेडिकल नेहमी तयार ठेव, कारण निरोप आदल्या रात्री येतो आणि ज्याचे कागद पूर्ण त्याचा नंबर पुढे सरकतो. स्पर्धेच्या संघाची निवड कधी आहे ते जुलैतच विचार, लाजू नकोस. आणि चक ग्लायडर बनव, फेकत राहा.

ती म्हणाली, “ते सगळं करेन ताई. पण आई सही करत नाहीये.”

म्हणून काल संध्याकाळी तिच्या घरी गेले, विटाव्याला. आई कंपनीतून नुकतीच आली होती, हातपाय धुऊन समोर बसली. कागद टेबलावर होता, त्यावर चष्मा ठेवलेला. मी वही उघडायला लागले तर तिने हात आडवा केला.

“ते राहू द्या मॅडम. मला एक सांगा, तुम्ही स्वतः बसलायत ना त्यात? ते विमान जमीन सोडतं तेव्हा पोटात कसं होतं?”

मी म्हटलं, “हादरे थांबतात. एवढंच होतं.”

तिने चष्मा उचलला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.